लिंबाएवढा रोडगा

फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या पतसंस्थेत काउंटरवर होते. बाजाराचा दिवस होता, समोर रांग होती आणि एक आजोबा सहीऐवजी अंगठा का चालत नाही यावर माझ्याशी वाद घालत होते. गजाननचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कामाच्या वेळी कधी फोन येत नाही. उचलला तर पलीकडे नुसताच श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "वंदना... आई गेली." सकाळी चहा पिऊन त्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच.  मी पर्स उचलली आणि निघाले. आमची पतसंस्था रेल्वेच्या एका अंगाला आणि वडनेरकडे जाणाऱ्या जीप दुसऱ्या अंगाला, मध्ये पायी ओलांडायचा पूल, ज्याला आमच्याकडे दादरा म्हणतात. तो दादरा मी चढले, उतरले, जीप गाठली आणि गाडी हायवेला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं अंतर पळत आले होते. एके काळी याच पुलाच्या पायऱ्यांवर मी प्रत्येक टप्प्याला थांबून मोबाइल बघायचं नाटक करत असे, म्हणजे लोकांना वाटावं की बाईला काहीतरी महत्त्वाचं आलंय, दम लागलेला नाही. जीपमध्ये मी रडायला लागले तेव्हा शेजारच्या बाईने पाणी दिलं. तिला कसं सांगणार होते, की ज्यांच्याकडे धावत निघाले होते, त्यांच्यामुळेच मला धावता येत होतं...

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचं नाव सुभद्रा, पण वडनेर भोलजीत त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला माणूस वळून बघे. सासरे लवकर गेले. त्यांच्या मागे भाजीपाल्याची शेती आत्याबाईंनीच पुढे नेली. त्यांच्या भरताच्या वांग्यांसाठी मोताळ्याच्या बाजारात गिऱ्हाईक थांबून राहायचं. आणि खाऊ घालणं हा तर त्यांचा धर्मच होता. ताटात अन्न उरलेलं त्यांना एक वेळ चाललं असतं, जागा उरलेली चालत नसे. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा "बस्स" म्हणाले, तर त्यांनी ऐकलंच नसल्यासारखी आणखी एक भाकर टाकली आणि वरून तूप सोडलं. पुढे कळलं की बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि तिथे खायला मिळेल ती सुकडी अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून घरी आणायच्या. ज्या बाईने असे दिवस काढलेत, तिला भरलेलं ताट म्हणजे काय वाटत असेल, हे आपण नुसतं समजू शकतो. मी भरत गेले तसा त्यांचा चेहरा खुलत गेला. "माह्या घरची सून पाह्य कशी भरली," हे त्या आल्या-गेल्याला अभिमानाने सांगत.

मी मात्र भरत नव्हते, उतू जात होते. माहेरूनच अंगाने दणकट आले होते. मग दोन बाळंतपणं झाली, थायरॉइड निघालं, बसून करायची नोकरी, आणि काटा सव्वाशेच्या पुढे सरकला. मधुमेह आला, गुडघे गेले. पतसंस्थेतून सुटल्यावर जीपवाला मला पाहिलं की हसून विचारायचा, "मॅडम, दोन सवाऱ्या पकडू का?" आणि गाडीतली सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघायची. जाड माणसाला सल्ला देण्यासाठी ओळखसुद्धा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. एसटीत तिकीट देता देता कंडक्टर सांगायचा, लग्नात वाढपी सांगायचे, मयतीला गेलं तर तिथेही कोणीतरी कोपऱ्यात घेऊन कोमट पाण्यात लिंबू पिळायला सांगायचं. लिंबू पिळून झालं. भात सोडला, साखर सोडली, डबेच्या डबे पावडरी प्याले, पहाटे हायवेच्या कडेने चालले. दहा-पंधरा किलो उतरायचे आणि वर्षभरात मित्रमंडळी घेऊन परत यायचे. "कमी खा अन् जास्त चाल" हे पाच शब्द ज्यांना ब्रह्मज्ञान वाटतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही चांगले विचार येत नाहीत.

मलकापूरच्या आमच्या डॉक्टरांनी एकदा माझे रिपोर्ट बाजूला ठेवले आणि शांतपणे विचारलं, "वजन कमी करायच्या ऑपरेशनचा कधी विचार केलात का?" मी हसले. मला वाटलं, ते सिनेमातल्या नट्यांसाठी असतं. ते म्हणाले, नाही, तुमच्याइतकं वजन आणि वर शुगर असेल तर हा एक रीतसर उपचार आहे, करा असं मी म्हणत नाही, एकदा अकोल्याला तज्ज्ञांना भेटा. घरी येऊन मी ही गोष्ट जेवताना काढली आणि जेवण तिथेच संपलं. गजाननचा चेहरा पडला. माझी नणंद रेखाताई त्या दिवशी मोताळ्याहून आलेली होती. ती म्हणाली, "वैनी, तोंडाले कुलूप लावणं फुकट असते, त्याच्यासाठी पोट कायले कापाव लागते?" हे तिने तिसऱ्या भाकरीवर हात मारत म्हटलं, हे मी विसरलेले नाही.  आत्याबाई भांडी आवरून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "वंदे, माह्या घरात कोनी उपाशी राह्यलं नाई आजवर. अन् तुले पोट कापून उपाशी राहाचं हाय? माहा भाऊ असाच पोटाच्या आपरेशनले गेला होता, चालत गेला अन् झोपून आला. या घरात हे होनार नाई." त्यांच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती. मला फक्त राग दिसला. मीही दार आपटून आत गेले.

पुढचे कित्येक महिने तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी शुगरच्या गोळ्या वाढवत गेले. माझं वय तेव्हा चाळिशीच्या आतच होतं, आणि मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागले होते की मुलीचं लग्न बघायला मिळेल की नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर पुन्हा कोणीतरी लिंबू पिळायला सांगितलं असतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार. रविवार होता, कूलर लावून मी पुढच्या खोलीत आडवी झाले होते, आणि आत्याबाई माझ्या पायाशी बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. माझं घोरणं हा घरातला जुना विनोद होता. मालगाडी आली, असं पोरं म्हणायची. आत्याबाई रात्री पलीकडच्या खोलीत झोपत, त्यामुळे त्यांनी ते नेहमी भिंतीआडूनच ऐकलेलं. त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदाच ते डोळ्यांनी पाहिलं. मला जाग आली ती त्या माझे दोन्ही खांदे धरून हलवत होत्या म्हणून. शेंगांचं सूप पालथं पडलेलं, टरफलं खोलीभर. "ऊठ व... ऊठ माय... तू श्वासच घेऊन नाई राह्यली!" मी म्हटलं, "आत्याबाई, काही नाही, असं होतं मला, डॉक्टरांनी सांगितलंय." त्या खाली बसल्या. पदराने तोंड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके वर्सं तुह्यं घोरनं बंद झालं का मी तिकडून म्हनो, चला, पोरगी आता निवांत झोपली... अन् मंग माहा बी डोळा लागे."  ज्या शांततेच्या भरवशावर त्या इतकी वर्षं झोपी गेल्या होत्या, त्या शांततेत मी श्वासासाठी तडफडत होते. त्यांच्या मनावर त्या गोष्टीचा जो घाव बसला तो मला दिसत होता. मी त्यांचा हात हातात घेतला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींचा हात असा कधी धरला नव्हता.

 पाचव्या दिवशी मी डबा भरत असताना आत्याबाई म्हणाल्या, "तो अकोल्याचा डाक्टर कवा भेटते? मी बी येतो संगं. मले त्याले इचारायचं हाय."

आणि त्यांनी विचारलं! मला तो दवाखाना आठवतो, गुळगुळीत फरशी, थंड हवा, आणि त्यात लुगड्याचा ओचा सावरत ताठ बसलेल्या आमच्या आत्याबाई. सर्जन तरुण होते, समजुतीने बोलणारे. ते मला समजावत होते आणि आत्याबाई मध्येच थांबवत होत्या. कापता म्हनजे किती कापता? कापलेलं परत जोडता येते का? जीव जाते का यात? डॉक्टरांनी कशालाही उडवाउडवीचं उत्तर दिलं नाही. म्हणाले, धोका कोणत्याही ऑपरेशनमध्ये असतो, यातही आहे, कमी आहे पण आहे. रक्तस्राव होऊ शकतो, टाके गळू शकतात. काढलेला भाग परत जोडता येत नाही. आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्या लागतील, तपासण्या कराव्या लागतील. आणि पथ्य सोडलं तर वजन परतही येऊ शकतं. मग त्यांनी कागदावर पोटाची पिशवी काढली आणि तिचा मोठा भाग रेघ मारून वेगळा केला. आत्याबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "म्हनजे भरताच्या वांग्याची भेंडी करता म्हना की!" डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. ही उपमा मी आता सगळ्यांना सांगणार, असं म्हणाले. पण लगेच गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" मी आत्याबाईंकडे पाहिलं. "मग आजी, माझ्यापेक्षा तुमचं काम मोठं आहे. ऑपरेशनने पोट लहान होईल, घरातली सवय लहान होणार नाही. वाढणाऱ्याचा हात आवरला नाही तर माझ्या हाताला यश नाही." आत्याबाईंनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेगाव गेलं, नांदुरा आलं, तरी हात पदराखालीच होते.

निर्णय मला घ्यायचा होता आणि मला तो घेता येत नव्हता. तपासण्या सुरू होत्या, झोपेची तपासणी झाली, हृदयाची झाली, आहार समजावणाऱ्या ताईंकडे फेऱ्या झाल्या. गजानन म्हणायचा तू म्हणशील तसं, आणि त्याचं ते म्हणणं मला त्या दिवसांत अजिबात उपयोगाचं वाटत नसे. रेखाताईचा फोन आला की मी मोबाइल उशीखाली ठेवायचे. एका संध्याकाळी मी ओट्यावर नुसती बसून होते, तेव्हा आत्याबाई शेजारी टेकल्या. "पाह्य वंदे. जीव तुहा हाय, तूच ठरव. मी आता आडवी येनार नाई. पन भिऊन नाई म्हनू नोको, अन् लोकाईले लाजून हो म्हनू नोको. तुले जगाचं हाय म्हनून हो म्हन." मी किती तरी वेळ रडले. मग म्हटलं, "मला जगायचंय, आत्याबाई." त्या उठल्या, मारुतीच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि मोठ्याने सांगितलं, की सुनेचं आपरेशन नीट पार पडू दे, मळ्यात रोडगे करीन. सगळ्या गल्लीने ऐकलं. गुपित ठेवणं आत्याबाईंच्या घशाला जमणारं नव्हतंच.

ऑपरेशन नीट झालं. नंतरचे दिवस मात्र वाटले होते तसे नव्हते, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोकांना अजूनही वाटतं की हा आळशी माणसाचा सोपा रस्ता आहे. सुरुवातीला नुसतं पाणी, तेही घोट घोट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं आणि सारखं. आत्याबाईंना बाटलीतलं माप कळेना, तेव्हा त्यांनी पेटीतून गजाननचं लहानपणीचं चांदीचं बोंडलं काढलं, उकळून घेतलं, आणि तान्ह्या बाळाला पाजावं तसं मुगाचं गाळलेलं पाणी मला त्यातून पाजायला लागल्या. एवढ्या थोराड बाईच्या तोंडाला ते एवढंसं बोंडलं... मला हसू आलं आणि हसल्यामुळे पोटात अशी काही चमक निघाली की मी त्यांना हात जोडले. पुढे केस गळाले. घाईत दोन घास जास्त गेले की उलटी व्हायची. एक दिवस तर मी वरणभाताच्या नुसत्या वासाने रडकुंडीला आले आणि म्हणाले, कशाला केलं मी हे... आत्याबाईंनी त्या दिवशी मला समजावलं नाही. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवसापासून त्या घरात फोडणी मी ऑफिसला गेल्यावरच घालत. ज्या बाईने आयुष्यभर वासावर माणसं घरात ओढली, तिने माझ्यासाठी आपल्या चुलीचा वास आवरला. याच्याहून मोठं माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही.

नवस फेडायचा तो थंडीत, वांगी ऐन बहरात असताना. ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जाडसर कणकेचे पदर घालून वळलेले हे गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून कुस्करायचे, आणि वरण, तूप नि झणझणीत वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. एक रोडगा म्हणजे धट्ट्याकट्ट्या गड्याचं अर्धं जेवण. आणि आमच्या घराण्याची रीत अशी, की नवस ज्याच्यासाठी बोलला, त्याने मानाचा पहिला रोडगा अख्खा संपवायचा. त्यातला कण उष्टा टाकायचा नाही, कुणाला वाटून द्यायचा नाही. नवस बोलताना आत्याबाईंच्या हे ध्यानातच नव्हतं! सुनेचं पोट लहान करायला निघालेल्या बाईने देवाला कबूल काय केलं, तर सुनेला अख्खा रोडगा खाऊ घालीन. असा घोळ आमच्याच घरात होऊ जाणे. मला तेव्हा जेमतेम चतकोर पोळी जात होती. मी आठ दिवस आधीपासून धास्तावले होते. नाही खाल्लं तर देवाचा अपमान, खाल्लं तर माझ्या पोटाचं काय होईल ते मला माहीत होतं, आणि सगळे नातेवाईक, त्यात रेखाताई, समोर बसून बघणार होते.

मळ्यात पंगत मांडली. मारुतीला नैवेद्य दाखवला. मग आत्याबाई स्वतः निखाऱ्यांच्या आरावर गेल्या, गड्यांना बाजूला केलं, राखेत चिमटा घातला आणि काहीतरी काढून पदरात झटकलं. माझ्या पत्रावळीवर आणून ठेवलं. लिंबाएवढा रोडगा होता. पदर सुटलेले, खरपूस भाजलेला, अगदी रीतसर. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी तो वेगळा वळला होता, आणि जळू नये म्हणून स्वतः राखेजवळ बसून राहिल्या होत्या. पंगतीत कुजबुज झाली. आमचे एक चुलत सासरे, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांनी आवाज दिला. "वैनी, देवाची थट्टा करून राह्यल्या का? नवसाचा रोडगा असा असते?" आत्याबाई वळल्या. "भाऊजी, देवानं जेवढं पोट ठेवलं तेवढा तिचा रोडगा. हा अख्खा हाय, तुकडा नोहे. नवस माहा होता, माप बी मीच ठरवीन." आणि मग, ज्या बाईने सगळ्या गावाला आग्रह करून करून जेवू घातलं, ती बाई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् आजपासून माह्या सुनेले कोनी घे म्हनाचं नाई. ती मांगन तवा वाढा."  मी तो रोडगा खाल्ला, कण न् कण, सावकाश, पुष्कळ वेळ लावून. रीतीप्रमाणे मानाचा रोडगा संपेपर्यंत कुणी पत्रावळीवरून उठलं नाही. माझ्यासाठी एवढी माणसं थांबून राहिलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती, माझ्या लग्नात. हात धुताना रेखाताई शेजारी आली. म्हणाली, "वैनी, मले बी त्या डाक्टरचा नंबर द्या ना, माह्या शुगरसाठी नुसतं इचारून पाह्यतो." मी दिला.

मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, बहुतेक सुटल्या. घोरणं राहिलं नाही. वजन पहिल्या दोन वर्षांत उतरलं, मग थोडं परत आलं आणि थांबलं. मी काही काडी झाले नाही, होणारही नाही. आत्याबाई मात्र यावर समाधान मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी माझ्या ऑपरेशनचा प्रचारच आरंभला. मोताळ्याच्या बाजारात वांगी मोजता मोजता एखादी जड बाई दिसली की त्या विचारायच्या, "तुले झोपीत श्वास नीट येते का व?" त्या बाया दचकायच्या. काही भांडायच्या. मी लाजेने अर्धी व्हायचे, म्हणायचे, आत्याबाई, असं नसतं विचारायचं, प्रत्येकाचं शरीर वेगळं, हे ऑपरेशन सगळ्यांना नसतंच. त्या म्हणायच्या, "मी कुठं आपरेशन कर म्हनतो? मी म्हनतो घरच्याले संगं घेऊन डाक्टरले इचार. इचाराले काय जाते?" मला वाटायचं हे सगळं वाऱ्यावर जातं.

त्यांना जाऊन महिना होत आला होता. दुपारी अंगणात एक म्हातारी बाई आणि तिच्यामागे तिशीतली तिची सून येऊन उभ्या राहिल्या. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. म्हातारीने विचारलं, "वांगेवाल्या सुभद्राबाईचं घर हेच का? त्याईनं बाजारात सांगतलं होतं, कवा बी या म्हनून." आत्याबाई गेल्याचं मी त्यांना सांगितलं. म्हातारी दारातच खाली टेकली, कपाळाला हात लावला. "अव माय... आता कोनाले इचाराव आमी?"

मी आतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, आणि सुनेने त्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या, मी उभीच बरी." ते उभं राहणं मला फार चांगलं ठाऊक होतं. खुर्चीचे पाय आधी बघायचे, मग माणसं, मग काहीतरी निमित्त. एका लग्नात अशीच खुर्ची माझ्याखाली मोडली होती आणि मांडव हसला होता. त्यानंतर आत्याबाईंनी सुताराला घरी बोलावून बाभळीचं जाडजूड बाकडं करून घेतलं. सुताराने विचारलं, एवढं भक्कम कोणासाठी? मी आत कान टवकारून ऐकत होते. पन्नास किलोसुद्धा न भरणाऱ्या आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "माह्यासाठी. मले दाबून बसाची सवय हाय." ते बाकडं आजही परसदारी भिंतीशी असतं. त्या असताना मी ते कुणाला हलवू दिलं नाही, आणि त्या गेल्यावर तर त्यावर कुणी बसलेलंही मला खपत नव्हतं.

मी परसदारी गेले आणि ते ओढत अंगणात आणलं. आवाज ऐकून गजानन बाहेर आला आणि त्याने दुसऱ्या टोकाला हात लावला. ती पोरगी आधी कडेला टेकली, पायांवर भार ठेवून, अर्धवट उठल्यासारखी. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बाकडं कुरकुरलं नाही. मग ती हळूच मागे सरकली, आणखी सरकली, आणि तिने एक लांब श्वास सोडला. म्हातारी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींना पुरून थोडी जागा राहिली. म्हातारीने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग बाई, पयलेपासून सांगा. हिले खाऊ काय घालाव मी?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि सांगायला लागले.